चेहरा लाल झाला, म्हणजे गोळीची ॲलर्जी आली का?

सिल्डेनाफिलची (म्हणजे व्हायग्राची, लिंगाच्या ताठरतेसाठी घेतली जाणारी) गोळी घेतल्यावर तासाभरात चेहरा तापतो, कानाच्या पाळ्या गरम होतात, गाल लालबुंद दिसतात. बरेच पुरुष इथेच घाबरतात, ‘मला याची ॲलर्जी आहे’ असं परस्पर ठरवून टाकतात आणि संकोचापायी डॉक्टरांना विचारतही नाहीत. म्हणून हे नीट सांगावंसं वाटतं.

ही लाली औषधाच्या कामातूनच येते. सीजीएमपी नावाचा रेणू रक्तवाहिन्यांच्या भिंतीतले स्नायू सैल करतो आणि पीडीई-५ हे एन्झाइम त्या रेणूचा निकाल लावतं. गोळी या एन्झाइमला अडवते. मग रेणू जास्त वेळ टिकतो आणि रक्तवाहिन्या रुंदावतात, त्याही फक्त हव्या त्या जागी नाही. चेहऱ्याच्या त्वचेखाली त्यांचं दाट जाळं आहे, त्यामुळे तिथे ते लगेच दिसतं. जोडीला डोकं दुखतं, नाक चोंदतं. चाचण्यांमध्ये साधारण दहातल्या एकाला ही लाली आली होती. सिल्डेनाफिलचं रक्तातलं प्रमाण सुमारे ४ तासांत निम्म्यावर येतं, तशी लालीही ओसरते. याच गटातल्या टाडालाफिल या औषधाला त्यासाठी साडेसतरा तास लागतात. दारूने लाली वाढते.

ॲलर्जीत रोगप्रतिकारशक्ती औषधालाच शत्रू समजते आणि शरीरात हिस्टामाइन नावाचं रसायन सुटतं. त्याची खूण म्हणजे खाज. लालीत त्वचा तापते, पण सपाट राहते. ॲलर्जीत बहुधा फुगीर, खाजऱ्या गांधी उठतात, त्याही पोटावर, पाठीवर, मांड्यांवर, कुठेही. सावळ्या त्वचेवर लाली फारशी दिसत नाही, तेव्हा रंगावर न जाता हात फिरवून पाहावं. ओठ, पापण्या किंवा जीभ सुजली, घसा आवळला, श्वास लागला, तर वाट न पाहता थेट रुग्णालय गाठायचं.

नुसत्या लालीसाठी सेट्रिझिन ही ॲलर्जीवरची गोळी घेण्यात फारसा अर्थ नाही, कारण तिच्या मुळाशी हिस्टामाइन नाही. डॉक्टर सिल्डेनाफिलचा डोस १०० मिलिग्रॅमवरून ५० किंवा २५ वर आणू शकतात, औषध बदलू शकतात. पण तुम्ही ‘ॲलर्जी’ असं सांगितलंत आणि कागदावर तसंच लिहिलं गेलं, तर उपयोगी पडणारं औषध विनाकारण हातचं जातं.

छातीत दुखू लागलं तर मात्र प्रश्न या दोन्हींपलीकडचा आहे. छातीदुखीसाठी जिभेखाली ठेवतात ती नायट्रेटची गोळी घ्यायची नाही, कारण या दोन औषधांनी मिळून रक्तदाब धोकादायक पातळीपर्यंत कोसळू शकतो. ताबडतोब रुग्णालयात जायचं आणि कोणती गोळी किती वाजता घेतली, हे न लाजता सांगायचं.