सरासरी वेगात न मावणारा वारा

हवामान खात्याचे मुख्यालय १९२८ साली शिमल्याहून पुण्यात आले. १९४४ मध्ये ते दिल्लीला गेले, तरी देशभरातल्या नोंदी शिवाजीनगरला येत राहिल्या. चौकाचे नाव आजही सिमला ऑफिसच आहे. त्या नोंदींत वाऱ्याचाही वेग आहे, पण तो पवनचक्कीसाठी मोजलेला नव्हता. हवामानाच्या कामाला सरासरी बहुधा पुरते, ऊर्जेला पुरत नाही. कारण वाऱ्यातली शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात असते: वेग दुप्पट झाला की शक्ती आठपट.

म्हणून प्रश्न असा होता, की कोणता वेग वर्षात किती तास असतो? याचे उत्तर धातूंच्या ताकदीच्या अभ्यासातून आले. स्वीडिश अभियंते वालोदी वायबुल यांनी १९५१ च्या लेखात आपले वितरण (कोणते मूल्य किती वेळा येते हे सांगणारे सूत्र) पोलादापासून भारतीय कापसाच्या तंतूपर्यंत लावून दाखवले. वारा त्यात नव्हता. तेलटंचाईनंतर, १९७६ ते १९७८ दरम्यान, अमेरिकेत संशोधक जस्टस आणि सहकाऱ्यांनी ते वाऱ्याच्या नोंदींना पद्धतशीर लावले. त्यांचे सूत्र आजही पहिल्या अंदाजाला वापरतात: प्रमाण विचलनाला (वेग सरासरीभोवती किती पसरतो त्याच्या मापाला) सरासरीने भागायचे आणि त्या गुणोत्तराचा उणे १.०८६ वा घात घ्यायचा. हा आकार-घटक 'के', म्हणजे वितरणाच्या वक्राचा आकार ठरवणारा आकडा; वेगाचे प्रमाण ठरवणारा तो प्रमाण-घटक 'सी'. सरासरी ६ मीटर प्रति सेकंद आणि विचलन ३ असेल, तर 'के' सुमारे २.१ आणि 'सी' सुमारे ६.८ येतो.

भारतात हे काम पुढे नेले ॲना मणी यांनी. १९४८ पासून पुण्यात हवामान खात्याच्या उपकरण विभागात काम केलेल्या मणी यांचा, सहलेखकासह लिहिलेला, भारतातल्या वाऱ्याच्या आकडेवारीचा ग्रंथ १९८३ साली आला.

पण आपल्याकडच्या पावसाळी वाऱ्यापुढे वर्षभराचे एकच वितरण अपुरे पडते. समजा साताऱ्याजवळच्या ११०० मीटर उंचीच्या पठारावर चार महिने सरासरी ९ आणि उरलेले आठ महिने ४.५ मीटर प्रति सेकंद वारा आहे. वार्षिक सरासरी ६. तिथे २२ अंशांना हवेची घनता समुद्रसपाटीसाठी धरतात ती १.२२५ नसून सुमारे १.०५ किलो प्रति घनमीटर असते. नुसत्या सरासरीचा घन घेतला तर ११३ वॉट प्रति चौरस मीटर येतात. वर्षाला 'के' बरोबर २ धरले (म्हणजे रॅले वितरण), तर २१७. हंगाम वेगळे धरून प्रत्येकाला 'के' २ लावले, तर ३०५, आणि त्यातली ८० टक्के ऊर्जा त्या चार महिन्यांतली. म्हणून महिनावार वितरण काढून मगच बेरीज करावी. अर्थात ही वाऱ्यातली शक्ती झाली, तिचा ५९.३ टक्क्यांहून जास्त भाग कोणत्याही पात्यांना काढता येत नाही, आणि यंत्राची क्षमता गाठली की पुढचा वेग वाया जातो.

'के' आणि 'सी' काढायची पद्धतही जपून निवडावी लागते. आलेखावर लॉगरिदम घेऊन सरळ रेषा बसवली, तर शून्य वेगाचे तास बसतच नाहीत, आणि कमी वेगाचे बिंदू रेषा आपल्याकडे ओढतात. जुन्या वाट्यांच्या वेगमापीत तर मंद वारा शून्यच नोंदला जातो, त्यामुळे हा दोष दुप्पट. १९७९ साली स्टीव्हन्स व स्मल्डर्स यांनी कमाल संभाव्यता पद्धतीसह (मोजलेल्या नोंदी सर्वांत संभाव्य ठरतील असे घटक निवडण्याची पद्धत) अनेक पद्धती तपासल्या. १९८९ च्या युरोपीय पवन नकाशाने वेगळाच निकष ठेवला: बसवलेल्या वक्रातली एकूण ऊर्जा मोजलेल्या ऊर्जेइतकी यावी, आणि सरासरीहून जास्त वेगाचे तासही जुळावेत. ऊर्जेच्या अंदाजासाठी आम्हाला हाच निकष योग्य वाटतो.

वेधशाळेच्या १० मीटरवरच्या आकड्यांना एक-सप्तमांश घाताने (उंचींच्या गुणोत्तराचा १/७ वा घात घेऊन वेग वाढवून) ८० मीटरवर नेण्याची सवय मात्र सोडावी. त्याने वेग १.३५ पट, म्हणजे शक्ती सुमारे अडीचपट होते. सह्याद्रीच्या कड्यावर वारा चढताना जमिनीलगतच जोर धरतो, त्यामुळे हा घात तिथे बऱ्याचदा फार कमी असतो. दोन उंचींवर वेगमापी लावून किमान एक पूर्ण वर्ष तो मोजून घ्यावा.