जेपेगला हटवणार कोण?

नेटवरून फोटो उतरवायचा, नावाच्या शेवटी ‘वेबपी’ दिसलं की ते खोडून ‘जेपीजी’ लिहायचं आणि फॉरमॅट बदलला म्हणायचं, हा उद्योग सर्रास चालतो. नाव बदलल्याने फाइलच्या आतलं काहीही बदलत नाही. जेपेग (म्हणजेच ‘जेपीजी’) फाइलचे पहिले तीन बाइट २५५, २१६, २५५ असतात; वेबपीची सुरुवात ‘रिफ’ या चार रोमन अक्षरांनी होते. बरीच सॉफ्टवेअर नावाकडे न बघता हे बाइटच वाचतात, त्यामुळे फोटो उघडतो आणि गैरसमज पक्का होतो. जिथे बाइट काटेकोर तपासले जातात, तिथे हीच फाइल नाकारली जाते.

वेबपी हे फोटोचं फॉरमॅट गूगलने २०१० मध्ये आणलं. त्याच दर्जाच्या जेपेगपेक्षा फाइल २५ ते ३४ टक्के लहान, असा दावा होता. तरीही १९९२ चं जेपेग हटलेलं नाही. याचं कारण जेपेगच्या पोटात आहे.

जेपेग आधी उजेड आणि रंग वेगळे करतं आणि चित्राचे ८ × ८ पिक्सेलचे चौकोन पाडतं. चौकोनातल्या ६४ पिक्सेलांचे ६४ सहगुणक, म्हणजे चढउतार मोजणारे आकडे, होतात. पहिला चौकोनाच्या सरासरी उजेडाचा, पुढचे अधिकाधिक बारीक चढउतारांचे. मग प्रत्येकाला एका कोष्टकातल्या आकड्याने भागायचं आणि उत्तर जवळच्या पूर्णांकावर आणायचं. जेपेगच्या प्रमाणकात दिलेल्या नमुना कोष्टकाची पहिली ओळ अशी: १६, ११, १०, १६, २४, ४०, ५१, ६१. समजा पाचव्या जागी ३७ आहे. भागिले २४ म्हणजे १.५४, म्हणून लिहिलं २. फोटो उघडताना २ गुणिले २४, म्हणजे ४८. ३७ कायमचा गेला. आठव्या जागी ३० असेल तर ३० भागिले ६१ म्हणजे ०.४९, म्हणून थेट शून्य. जेपेगमधली बहुतेक हानी या एका भागाकारात होते.

उरलेले पूर्णांक नागमोडी क्रमाने वाचले की शून्यांच्या लांब रांगा मिळतात. त्यांना हफमन संकेत देतात: वारंवार येणाऱ्याला आखूड, क्वचित येणाऱ्याला लांब. इथे काहीही गमावत नाही, ही नुसती बांधाबांध. पण ती ढिली आहे. हफमन संकेताला किमान एक पूर्ण बिट (० किंवा १) लागतोच. ९५ टक्के वेळा येणाऱ्या चिन्हाची माहिती मात्र असते अवघी ०.०७४ बिट. हा अपव्यय टाळणारी संकेतपद्धत पोलंडच्या यारेक डूडा यांनी मांडली.

जेपेगच्या जागी यावं म्हणून तयार झालेलं जेपेग एक्सएल तीच वापरतं. वर शेजारच्या चौकोनांवरून पुढच्या सहगुणकाचा अंदाजही बांधतं. जुनी जेपेग फाइल दिली तर ते पिक्सेलांपर्यंत जातच नाही. आतले तेच पूर्णांक उचलतं आणि घट्ट बांधतं. फाइल साधारण २० टक्क्यांनी लहान होते, आणि हवी तेव्हा मूळ जेपेग बाइटला बाइट जुळवून परत मिळते. ‘सीजेएक्सएल’ या त्याच्या साधनाला जेपेग दिलं की ते आपणहून हेच करतं.

वेबपी किंवा एव्हीआयएफ या आणखी एका नव्या फॉरमॅटला हे जमत नाही. जेपेग उघडून पिक्सेल करावे लागतात. पहिल्या भागाकाराने उमटलेल्या चौकोनांच्या कडा आणि अक्षरांभोवतीची धूळ हा चित्राचाच भाग समजून नवा एन्कोडर (फाइल तयार करणारा प्रोग्रॅम) तीही जपू पाहतो, आणि वर स्वतःची हानी करतो. म्हणून वेबपी करायचं तर मूळ प्रतीवरून करावं. दोन फॉरमॅटमधला ‘क्वालिटी ८०’ एक नव्हे. तो आकडा धरून केलेल्या तुलना वाचण्यात वेळ घालवू नये. आणि १०० क्वालिटीला पुन्हा सेव्ह करून फोटो ‘एचडी’ होतो, हा तर निव्वळ गंडेदोऱ्याचा प्रकार. फाइल फुगते, गेलेला ३७ येत नाही.

वेबपीची एक खोड आपल्याकडे चटकन दिसते. त्याच्या हानी करणाऱ्या प्रकारात रंगाची माहिती नेहमी निम्म्या रुंदीची आणि निम्म्या उंचीची ठेवली जाते. पिवळ्यावर लाल अक्षरांची लग्नपत्रिका त्यात टाका: शिरोरेघेची कड फिसकटते, अनुस्वार मळकट होतो. जेपेगमध्ये रंग पूर्ण ठेवायची सोय आहे. पत्रिकेला पीएनजी हे हानी न करणारं फॉरमॅट किंवा वेबपीचा हानिरहित प्रकार घ्यावा.

एव्हीआयएफ फार लहान फाइलमध्येही नेटकं दिसतं, पण एन्कोडिंग संथ आहे आणि कापडाचा पोत गुळगुळीत होतो.

मग जेपेग एक्सएल सगळीकडे का नाही? २०२२ च्या अखेरीस क्रोमने त्याचा प्रायोगिक आधार काढून टाकायचं ठरवलं. पुरेसा रस नाही, फायदा बेताचा, सांभाळायचा बोजा मोठा, ही कारणं दिली. २०२३ मध्ये अ‍ॅपलच्या सफारी १७ ब्राउझरने मात्र आधार दिला. बोज्याचा मुद्दा पोकळ नाही. त्याच वर्षी वेबपीच्या डीकोडरमध्ये (फाइल उघडणाऱ्या प्रोग्रॅममध्ये), नेमकी हफमन कोष्टकं बांधणाऱ्या भागात, गंभीर सुरक्षाभोक सापडलं आणि सगळ्या मोठ्या ब्राउझरांना तातडीने दुरुस्ती काढावी लागली.

संकेतस्थळ चालवणाऱ्याने पानाच्या एचटीएमएलमधल्या ‘पिक्चर’ टॅगमध्ये आधी एव्हीआयएफ, मग वेबपी आणि शेवटी ‘आयएमजी’ टॅगमध्ये जेपेग द्यावं. प्रत्येक ‘सोर्स’ला, म्हणजे फाइलच्या पर्यायाला, ‘टाइप’, म्हणजे तिचं फॉरमॅट, लिहायलाच हवा. ब्राउझर निवड आधी करतो आणि फाइल नंतर आणतो. ‘टाइप’ नसेल तर जुना ब्राउझरही पहिलीच फाइल उचलतो आणि ती उघडली नाही तरी पुढच्या पर्यायाकडे वळत नाही. मोडक्या चित्राची खूण दिसते, आणि जेपेग सर्व्हरवरच पडून राहतं.