बंदुकीवरचा कर आणि अमेरिकेतली शिकारीची राखीव रानं

अमेरिकेत शहराबाहेर पडलं की रस्त्याकडेला कुठेतरी ‘वाइल्डलाइफ मॅनेजमेंट एरिया’ (वन्यजीवांसाठी राखलेलं, पण शिकारीलाही खुलं रान) अशी पाटी दिसते. खडी टाकलेली गाड्या लावायची जागा, फलकावर हंगामाच्या तारखा आणि भडक नारिंगी जाकिटं घातलेली बंदूकधारी माणसं. अभयारण्य म्हणजे शिकारबंदी, हे आपल्याकडच्या १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यापासून आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. प्राणी वाचवायचे आणि मारायचेही, हा काय प्रकार? याचं उत्तर बरंचसं हिशेबाच्या वहीत सापडतं.

एकोणिसाव्या शतकात तिथे बाजारासाठी बेसुमार शिकार झाली. बायसन संपत आले. एके काळी आकाश झाकोळून टाकणारे पॅसेंजर पिजन (रानकबुतरं) तर पुरतेच गेले. त्यांतली शेवटची मादी १९१४मध्ये सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेली. १९३०च्या दशकात दुष्काळाने पाणथळ जागा आटल्या. मग पाणथळी वाचवायला पैसा उभा राहावा म्हणून १९३४पासून बदकं मारणाऱ्याला परवान्याखेरीज पोस्टाच्या तिकिटासारखं एक डॉलरचं तिकीट घेणं सक्तीचं झालं. पहिल्या तिकिटावरचं चित्र काढणारे ‘डिंग’ डार्लिंग हे नावाजलेले व्यंगचित्रकार, आणि त्या वेळी वन्यजीवांचं केंद्रीय खातंही त्यांच्याच हाताखाली होतं!

पण खरी मेख १९३७च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यात आहे. बंदुका-काडतुसांवर अबकारी कर आधीपासून होताच. तो आता राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे वळवला गेला. वाटणी निम्मी राज्याच्या क्षेत्रफळावर, निम्मी शिकारीच्या परवानाधारकांच्या संख्येवर. कामाच्या खर्चात केंद्राचा वाटा पाऊण, राज्याचा पाव. आणि एक अट: परवान्यांच्या शुल्काला दुसऱ्या कुठल्याही कामासाठी हात लावायचा नाही. कायद्याला ज्यांचं नाव आहे त्यांपैकी रॉबर्टसन यांनी व्हर्जिनिया राज्यात अशाच खात्याचा कारभार पाहिलेला. असा पैसा कुठे पाझरतो, हे त्यांना कोणी सांगायला नको होतं. ही अट नसती तर बाकीचा कायदा कागदावरच राहिला असता, असं मला वाटतं.

या पैशातून राज्यांनी जमिनी घेतल्या, पाणथळी पुन्हा भरल्या. १९५०मध्ये मासेमारीच्या गळ-रिळांवरच्या कराचीही अशीच सोय झाली.

आता गाडं वेगळ्याच ठिकाणी अडलंय. शिकारी घटताहेत. कर भरणाऱ्या बंदूक-खरेदीदारांपैकी बरेच जण रानाकडे फिरकतही नाहीत, आणि दुर्बीण घेऊन येणारे पक्षीनिरीक्षक बहुतेक ठिकाणी फुकट फिरतात. कोलोरॅडोने २०२०मध्ये आपल्या अशा क्षेत्रांत नुसतं फिरायला येणाऱ्या प्रौढांनाही शिकारीचा किंवा मासेमारीचा परवाना सक्तीचा केला.