मिरगाच्या आधी वाळलं पाहिजे

मे अर्धा सरला की बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या जांबोटी-कणकुंबी पट्ट्यात अंगणं लाल होतात. गोणपाटावर, जुन्या ताडपत्रीवर, कुठे गोठ्याच्या पत्र्यावरसुद्धा कोकमाच्या साली पसरलेल्या असतात. पश्चिमेला ढग गडगडला की घरातली माणसं हातातलं काम टाकून धावतात आणि दोन मिनिटांत सगळं आत घेतात. वळिवाची सर गेली की पुन्हा बाहेर. 'मिरगाच्या आधी वाळलं पाहिजे,' असं इथली प्रत्येक बाई म्हणते, कारण मृगाचा पाऊस एकदा लागला की कणकुंबीला आठवडा आठवडा ऊन दिसत नाही.

डोंगरातल्या घराचा हिशेब समजला की ही धावपळ समजते. पीक मुख्यतः भात आणि थोडा नाचणा, तोही खायला. मेपर्यंत हातात पैसा उरत नाही आणि जून उजाडताच बियाणं, वह्या-पुस्तकं, घर शाकारणी असे खर्च एकदम उभे राहतात. ही फट रान भरून काढतं. शिकेकाई, मध, काजू, मग करवंदं-जांभळं. बेळगावच्या बाजारात बुट्टी घेऊन बसलेल्या बायका आपण पाहतोच. पण करवंद आज तोडलं की उद्यापर्यंत विकावंच लागतं. संध्याकाळी एसटी गाठायची म्हणून मिळेल त्या भावाला. कोकम वाळवलं तर वर्षभर टिकतं. भावासाठी थांबण्याची ताकद घराला मिळते ती या टिकण्यातून.

कोकणातला रातांबा, गोव्याकडचं भिरंड आणि कन्नडमधलं मुरुगल हे एकाच झाडाचं फळ. ताज्या सालीत सुमारे 80 टक्के पाणी असतं, म्हणजे पाच किलो साल वाळून किलोभराच्या आसपास आमसूल उरतं. साल नुसती उन्हात टाकून भागत नाही. ती मीठ घातलेल्या रातांब्याच्याच रसात बुडवायची, वाळवायची, पुन्हा बुडवायची. मीठ सालीच्या पेशींतलं पाणी बाहेर खेचतं, आणि जे उरतं तेही असं धरून ठेवतं की बुरशीला ते वापरता येत नाही. त्यात कोकमाचं मूळचं हायड्रॉक्सिसिट्रिक आम्ल भर घालतं. चांगलं आमसूल बोटांत दाबलं तर लवचीक लागतं, दुमडलं तर तुटत नाही, पण बोट ओलं होत नाही. तो जांभळट लाल रंग अँथोसायनिनचा. आंबट रसात हे रंगद्रव्य लाल राहतं. सोलकढीत चिमूटभर खायचा सोडा पडला तर ती निळसर होते. वाळवण रेंगाळलं की रंग काळवंडतो, आणि व्यापारी आधी रंगच बघतो. दोन दिवसांच्या पावसाने भाव पडतो तो असा.

बी पूर्वी उकिरड्यावर जायची किंवा तिचं घरच्यापुरतं भिरंडेल, म्हणजे कोकमाचं तेल, व्हायचं. थंडीत फुटलेल्या टाचांना आजी लावायची तेच. त्यात स्टीअरिक आम्ल भरपूर, म्हणून ते घरात घट्ट राहतं आणि अंगाच्या उबेला मऊ होतं. आता सौंदर्यप्रसाधनांसाठी त्याला मागणी आहे. कुटुंबाला ही जास्तीची मिळकत हवीच. मला काळजी वाटते ती झाडाची. साल विकली तरी बी रानात परत जाऊ शकते. बीही विकली तर नवं रोप येणार कुठून?

त्यात कोकमात नर-मादी झाडं वेगळी. बियांपासून उगवलेल्या रोपांत निम्म्याच्या आसपास नर निघतात, आणि ते कळायला सात-आठ वर्षं जावी लागतात. मग 'हे फळतच नाही' म्हणून कुऱ्हाड चालते. ती चालू नये, परागकण त्याच झाडाकडून येतात. बांधावर लावायला मादी झाडाची कलमं मिळतात, पण रानातल्या नराला हात लावू नये.

2006च्या वनहक्क कायद्याने पिढ्यान्‌पिढ्या गोळा होत आलेल्या गौण वनोपजावर, म्हणजे मध, शिकेकाई, कोकम अशा रानातल्या मालावर, रानवासींचा मालकी हक्क मान्य केला आहे, अभयारण्यांतसुद्धा. 2011 साली घोषित झालेल्या भीमगड अभयारण्याच्या परिसरातल्या वाड्यांसाठी हे फार महत्त्वाचं आहे. त्यासाठी ग्रामसभेत दावा मात्र घालावा लागतो. तो घालताना सोबत एका वाळवणीच्या छपराचीही मागणी करावी. वर पारदर्शक प्लॅस्टिक, आत जाळीच्या फळ्या, वारा खेळायला दोन्ही टोकं उघडी. मग सर आली तरी साली उचलून आत न्याव्या लागणार नाहीत.