वक्ररेषेवर समअंतर मांडणी

त्रिमितीय आरेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये एकच वस्तू वळणदार रेषेवर सारख्या अंतराने पुन्हापुन्हा ठेवण्याची रीत. कठड्याचे खांब, रस्त्याचे दिवे, साखळीच्या कड्या एकेक करून ठेवण्याचा त्रास तिच्यामुळे वाचतो. नागपुरात फुटाळा तलावाकाठच्या वाटेचे किंवा मेट्रोच्या उन्नत मार्गाचे मॉडेल करायला बसले, की तिची गरज लगेच पडते.

सरळ रेषेवर लांबीला अंतराने भागले की काम झाले. वळणावर मात्र ‘अंतर’ कशाला म्हणायचे, इथूनच घोळ सुरू होतो. सॉफ्टवेअरमधली वक्ररेषा बहुधा बेझिए किंवा नर्ब्स प्रकारची, म्हणजे काही नियंत्रक बिंदूंवरून गणिताने आखलेली, असते आणि तिच्यावरचा बिंदू एका आकड्याने, म्हणजे प्राचलाने, सांगितला जातो. हा प्राचल ० पासून १ पर्यंत जात असेल, तर ०.५ ला निम्मी वाट संपलेली असेलच असे नाही. त्याचे सारखे भाग पाडून खांब रोवले, तर काही एकमेकांना खेटतात, काही लांब पडतात. त्रिघाती बेझिए वक्राच्या लांबीला सर्वसाधारण सोपे सूत्र नाही. म्हणून सॉफ्टवेअर रेषेचे बारीक तुकडे करते, त्यांच्या लांबीची बेरीज कोष्टकात ठेवते आणि हव्या त्या अंतराचा प्राचल त्यातून शोधते. वळणावर दोरी टाकून, मग ती ताणून मोजणारा गवंडी याहून फार वेगळे काही करत नाही.

उरलेला तुकडा कुठे घालवायचा, हे माणसाने ठरवायचे असते. ३१ मीटर लांबीवर दर २ मीटरला खांब हवा असेल, तर ऑटोकॅड या आरेखनाच्या सॉफ्टवेअरमधली ‘मेझर’ आज्ञा शेवटी १ मीटर सोडून देते. ‘डिव्हाइड’ आज्ञेत भागांची संख्या द्यावी लागते. १६ भाग सांगितले तर प्रत्येक भाग १.९४ मीटरचा होतो. याच कामासाठी ‘ऑटोकॅड २०१२’ या आवृत्तीत ‘पाथ ॲरे’, म्हणजे रेषेवर प्रती मांडणारी आज्ञा, आली. ब्लेंडर या त्रिमितीय सॉफ्टवेअरमध्ये प्रती काढणारा ‘ॲरे’ आणि रेषेप्रमाणे वाकवणारा ‘कर्व्ह’ हे मॉडिफायर (वस्तूवर चढवायचे बदल) एकत्र वापरतात, किंवा २०२१ मध्ये २.९२ आवृत्तीत आलेले जॉमेट्री नोड्स, म्हणजे ठोकळे जोडून मांडणीचे नियम रचायची सोय. मॉडिफायरच्या वाटेने गेल्यास मूळ वस्तूही रेषेबरोबर वाकते. वेलीला ते शोभते, बाकाला नाही.

खांबांची मोजणी नेहमी चुकते. उघड्या रेषेवर १५ गाळ्यांना, म्हणजे खांबांमधल्या १५ अंतरांना, १६ खांब लागतात; दीक्षाभूमीच्या स्तूपासारख्या गोल घेराभोवती मात्र १५ च.

रेषेवरून मोजलेले अंतर आणि दोन खांबांमधले सरळ अंतरही एक नसते. २ मीटर त्रिज्येच्या वळणावर रेषेवरून २ मीटर मोजले, तर खांबाखांबांत सरळ १.९२ मीटरच भरतात. कारखान्यातून आलेली २ मीटरची जाळी तिथे बसणार नाही. ३ मीटर रुंद वाटेच्या काटकोनी वळणावर बाहेरची कड आतल्या कडेपेक्षा सुमारे ४.७ मीटर लांब होते. त्यामुळे दोन्ही कडांवर सारख्याच अंतराने लावलेले दिवे वळणानंतर समोरासमोर राहत नाहीत. अशा वेळी मधल्या रेषेवर अंतर धरून दोन्हीकडे लंब टाकणे बरे.

वस्तूचे तोंड कुठे, हे स्पर्शरेषेवरून ठरते. वळण डावीकडून उजवीकडे पालटते त्या बिंदूवर, तिची वरची बाजू केवळ वक्रतेवरून काढली असेल, तर वस्तू अचानक उलटी होते. वस्तूच्या दिशा ठरवणारी जी अक्षांची चौकट कमीत कमी पीळ घेत पुढे सरकते, ती वापरल्यास हे टळते. मेट्रोच्या खांबांना तर ही समअंतर मांडणी कच्च्या आराखड्यापुरतीच. चौक किंवा रेल्वेरूळ ओलांडताना दोन खांबांमधला गाळा वाढवावा लागतो, आणि ते खांब हातानेच सरकवावे लागतात.