नव्या सदस्याला टीममध्ये रुळवणे

चालू प्रकल्पात नव्याने दाखल झालेल्या सदस्याला काम, माणसे आणि तिथली रीत यांची ओळख करून देणे आणि तो आपल्या जोरावर काम करू लागेपर्यंत साथ देणे, याला रुळवणे म्हणतात. कार्यालयीन बोलीत हेच ‘ऑनबोर्डिंग’. ओळखपत्र, लॉगिन, परवानग्या हा त्याचा कागदोपत्री भाग. पुष्कळ ठिकाणी तेवढ्यावरच ऑनबोर्डिंग झाले असे धरतात. खरे रुळणे त्यानंतर सुरू होते आणि कित्येक आठवडे, कधी महिनेही चालते.

या काळाचा भार नवख्यापेक्षा जुन्यांवर अधिक पडतो. आयबीएमच्या ओएस/३६० या संगणक-प्रणालीच्या प्रकल्पाचे नेतृत्व केलेल्या फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ मध्ये मांडले, की रखडलेल्या सॉफ्टवेअर प्रकल्पात माणसे वाढवली तर तो आणखी रखडतो. एक तर शिकवण्यात जाणकारांचाच वेळ जातो; दुसरे म्हणजे संवादाच्या वाटा वाढतात. पाच जणांत बोलणाऱ्यांच्या जोड्या १० होतात, सहावा आला की १५. म्हणूनच डेडलाइन तोंडावर आली असताना माणूस घेणे आणि ‘तू बघून बघून शिकशील’ म्हणून त्याला सोडून देणे, हा दुहेरी तोटा.

अडचण बहुधा अवघड ज्ञानाची नसते, न लिहिलेल्या ज्ञानाची असते. उदाहरणार्थ, सेटअपच्या, म्हणजे कामासाठी संगणक तयार करण्याच्या, टिपणातली चौथी पायरी चालत नाही, कारण तिला लागणारी फाइल एका जुन्या सदस्याच्या संगणकावरच आहे आणि हे बाकी सगळ्यांना तोंडपाठ आहे. नवखा दोन तास आपलेच काही चुकले असे समजून झटत राहतो. ‘एवढे साधे कसे विचारू?’ हा संकोच त्या फाइलपेक्षा महाग पडतो. यावर सरसकट वापरला जाणारा उपाय म्हणजे एक सोबती, अर्थात ‘बडी’, नेमणे. तो वरिष्ठ नसलेला बरा. कामाचे मूल्यमापन करणाऱ्याला भाबडे प्रश्न कोणी विचारत नाही.

पहिले काम कोणते द्यावे, याबाबत मानववंशशास्त्रज्ञ जीन लेव्ह यांचे लायबेरियातील शिंप्यांचे निरीक्षण उद्बोधक आहे. तिथले शिकाऊ बटणे लावणे, कडा दुमडणे अशा शेवटच्या कामांपासून सुरुवात करतात, मग शिवणीकडे आणि सर्वांत शेवटी कापड बेतण्याकडे वळतात. बटण चुकले तर उसवता येते, कापड वाया जात नाही. शिवाय हातात पहिल्यापासून खरा कपडा असतो. एटिएन वेंगर यांच्यासह लेव्ह यांनी १९९१ मध्ये यावरून सिद्धांत मांडला: माणूस समूहाच्या कडेला राहून, पण खऱ्या कामात भाग घेत शिकतो. मुक्त स्रोत (ओपन सोर्स) सॉफ्टवेअर प्रकल्पांत नवख्यांसाठी सोप्या त्रुटींवर वेगळी खूण करून ठेवतात, ती याच जातीची. उलट आठवडाभर नुसती कागदपत्रे वाचायला लावणे किंवा लागोपाठ केटी (‘नॉलेज ट्रान्सफर’, म्हणजे माहिती सोपवण्याची) सत्रे घेणे यातून फारसे काही मुरत नाही.

नवख्याची नजर टीमच्याही उपयोगाची असते, पण थोडेच दिवस. रुळला की त्यालाही विसंगती दिसेनाशा होतात. त्यामुळे सेटअपचे टिपण त्यालाच अडता अडता दुरुस्त करायला सांगतात. रुळण्याची ठरावीक तारीख नसते. टीमबाहेरचे लोक सोबत्याला मध्ये न घेता थेट नवख्याकडे येऊ लागले, की सोबत्याचे काम संपले असे धरतात.