पार्श्वभूमी: गंजाचं वजन आणि अँगस्ट्रॉमचा घोळ

सर्व्हर रूमची हवा धातूला किती गंजवते, याचा ‘जी 1’ की ‘जी 2’ हा शेरा आता बऱ्याच ठिकाणी भिंतीवरची एक डबी देते. आत क्वार्ट्झच्या दोन चकत्या असतात, एकीवर तांब्याचा पातळ थर आणि दुसरीवर चांदीचा. जुनी पद्धतही सुरू आहे: धातूच्या पट्ट्या महिनाभर टांगायच्या आणि मग प्रयोगशाळेत पाठवायच्या.

दाबलं की क्वार्ट्झवर विद्युतभार येतो, हे दोघा फ्रेंच भावांनी 1880 मध्ये दाखवलं. उलट, वीज दिली की चकती ठरावीक वारंवारतेने कंप पावते. तिच्यावर वजन चढलं की ही वारंवारता किती उतरते, याचं गणित एका जर्मन संशोधकाने 1959 मध्ये मांडलं. 5 मेगाहर्ट्झच्या चकतीत 1 हर्ट्झची घट म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला सुमारे 17.7 नॅनोग्रॅमची भर. 1980 च्या दशकात चकती द्रवातही चालू लागली आणि धातू विरघळताना वारंवारता चढते, गंजाचं पूट धरताना उतरते, हे चालू प्रयोगातच दिसू लागलं.

हवेच्या बाबतीत पाया घातला तो 1985 च्या अमेरिकी मानकाने, औद्योगिक नियंत्रण कक्षांसाठी. तांब्यावर महिन्याला 300 अँगस्ट्रॉमपेक्षा (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग) कमी पूट चढलं तर जी 1, 1000 च्या आत जी 2, 2000 च्या आत जी 3, त्यापुढे जी एक्स. यात चांदीची मर्यादा नव्हती. जुलै 2006 पासून युरोपने शिशाच्या डाखावर (सोल्डरवर) निर्बंध आणले, सर्किट बोर्डांवर चांदीचा मुलामा वाढला आणि गंधकयुक्त हवेत बोर्ड दगावू लागले. चांदीसाठी जी 1 ची 200 अँगस्ट्रॉमची मर्यादा आली ती 2013 च्या आवृत्तीत. उशीरच झाला म्हणायचा.

खरा घोळ मात्र वेगळाच आहे. मानक जाडी मागतं, चकती वजन सांगते. समजा, महिन्यात वारंवारता 190 हर्ट्झने उतरली. म्हणजे चौरस सेंटीमीटरला 3.4 मायक्रोग्रॅमच्या आसपास भर पडली. ही भर गंधकाची, म्हणजे पूट क्युप्रस सल्फाइडचं धरलं, तर जाडी येते 300 अँगस्ट्रॉम, अगदी जी 1 च्या काठावर. तीच भर ऑक्सिजनची, म्हणजे पूट क्युप्रस ऑक्साइडचं धरलं, तर जाडी 500 च्या घरात जाते आणि खोली सरळ जी 2 मध्ये. यंत्र तेच, हवा तीच. बदललं ते फक्त गृहीतक. शिवाय दमट दिवसांत पुटावर बसलेलं पाणीही वजनात धरलं जातं. पट्टीवरचं पूट प्रयोगशाळेत विद्युत-रासायनिक पद्धतीने उतरवतात, तेव्हा ऑक्साइड किती आणि सल्फाइड किती हे वेगळं कळतं. चकतीला ते कळत नाही.

तरीही चकती लागतेच. पट्टी महिन्याची बेरीज देते, आणि बोर्ड खराब होतो तो कदाचित त्यातल्या चार वाईट रात्रींमुळे. नवी मुंबईच्या ऐरोली-महापे पट्ट्यात एका अंगाला खाडी, भोवती कारखाने आणि मधे डेटा सेंटरं. तिथे वारा कधी फिरला हे तासातासाच्या नोंदीतच सापडेल. अहवालात अँगस्ट्रॉमशेजारी हर्ट्झचा मूळ आकडा आणि गृहीत धरलेलं संयुग छापलं, तर अर्धे वाद तिथेच मिटतील. थर संपत आला की चकती बदलावी लागते, तो खर्च वेगळा.